डॉक्टर बिलोलीकरांचं पंचांग

हैदराबादच्या सुलतान बाजारात ऐन संध्याकाळच्या गर्दीत आम्ही तिघं एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर उभे होतो. मी, माझी बायको अनघा आणि साताऱ्याहून पाहुणचाराला आलेल्या सासूबाई. तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी हात वर करून दोन रिक्षा थोपवल्या आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "अहो! रक्त थांबलं का तिचं? रंग कसाय आज?"

सासूबाईंनी पदर सावरला. अनघा एकदम शेजारच्या दुकानातली भांडी बघायला लागली. उत्तर मिळाल्याशिवाय हा माणूस रस्ता मोकळा करत नाही, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. मीही तितक्याच मोठ्यानं ओरडलो, "फिकट झालाय, डॉक्टर! गुलाबी!"

"दिवस आठवा ना? मग उद्या सकाळी आणा तिला. आंघोळ नक्को!"

रिक्षा सुटल्या, डॉक्टर गेले. सासूबाई घरी पोचेपर्यंत माझ्यापुढं चार पावलं चालत राहिल्या. 'ती' म्हणजे आमची जिलबी, चार वर्षांची लॅब्राडोर कुत्री, हे मी त्यांना जेवताना समजावून सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग कुत्रीला काय अब्रू नसते?"

हे डॉक्टर प्रल्हादराव बिलोलीकर. जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घराणं निजामाच्या काळापासून हैदराबादचं. आजोबा महसूल खात्यात, वडील वकील. गौलीगुड्यातलं त्यांचं जुनं घर बिल्डरला दिलं, त्या जागेवर आमची इमारत उभी राहिली आणि तळमजल्यावर समोरासमोरचे दोन फ्लॅट त्यांना मिळाले. एकात ते आणि सुमनकाकू राहतात, दुसऱ्यात दवाखाना. आम्ही पुण्याहून आलो आणि अनघाची बँक इथून जवळ म्हणून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी रोज मेट्रोनं तासभर लांबच्या ऑफिसात जातो आणि दिवसभर संगणकासमोर बसतो. डॉक्टरांना माझं नाव आजही माहीत नाही. त्यांच्या लेखी मी 'जिलबीचे पप्पा'. माणसांची नावं ते लक्षात ठेवत नाहीत, पण पाच वर्षांपूर्वी मेहदीपट्टणमच्या कोणत्या डॉबरमनला कितव्या दिवशी माज उतरला हे विचारा, झोपेतून उठून सांगतील.

दवाखान्यात औषधपाणी जुजबी. डॉक्टरांची खरी भक्ती कोपऱ्यातल्या सोनोग्राफीच्या यंत्रावर. निवृत्तीनंतर फंडातून त्यांनी काही घेतलं असेल तर ते एवढंच. या यंत्रावर ते कुत्र्यांच्या माद्यांच्या बीजग्रंथी बघतात आणि जोडी लावायचा दिवस काढून देतात. भिंतीवर मोठी पाटी आहे, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात भर घातलीय, 'कुत्र्यांचेही नाही. विचारू नये.'

बहुतेक लोक पुस्तकातलं वाचून येतात. रक्त दिसल्यापासून बारा-तेरा दिवस मोजायचे आणि मादी नराकडे न्यायची, की झालं. हे कुणी म्हटलं की डॉक्टर पेटतात.

"बारावा-तेरावा माणूस मेल्यावर मोजतात! लग्नाला मोजतात का? एखादीचं बीज सहाव्या दिवशी सुटतं, एखादीचं पंचविसाव्या. तिथीचा क्षय असतो, वृद्धी असते. बघितल्याशिवाय कसं बोलायचं? आधी बघू, मग बोलू."

'आधी बघू, मग बोलू' हे वाक्य ते दिवसातून चाळीस वेळा म्हणत असतील. काकूंनी भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तरी तेच.

तिथी-क्षयाची भाषा उगाच नाही. दवाखान्याच्या खिळ्याला कायम पंचांग टांगलेलं असतं आणि डॉक्टर कुत्र्यांच्या सगळ्या नोंदी पेन्सिलीनं त्यातच करतात. पंचमीच्या रकान्यात रोझी, सहा मिलिमीटर. त्रयोदशीला चिंटी, काही नाही, पुन्हा बघणे. यातून एकदा जो घोटाळा झाला त्यात माझाच हात होता. आम्ही नवे राहायला आलो तेव्हा वास्तुशांतीला दिवस हवा होता. काकूंनी पंचांग दवाखान्यात आहे असं सांगितलं. मी गेलो, डॉक्टर एका पग जातीच्या कुत्र्याचे कान साफ करत होते, म्हणून मीच पान उलटलं. एका गुरुवारी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'सकाळी उत्तम. उशीर करू नये.' मी खूश. गुरुजी म्हणाले, या दिवशी मुहूर्त दिसत नाही. मी म्हटलं, बिलोलीकरांच्या पंचांगात आहे. घराणं जुनं, गुरुजींनी आपलं पंचांग मिटलं. गुरुवारी सकाळी साडेसहाला होम पेटला. दुपारी पंक्तीत डॉक्टरांनी श्रीखंड घेता घेता विचारलं, "आजचा दिवस कुणी काढला?" मी अभिमानानं सांगितलं, तुमच्याच पंचांगातून. डॉक्टर वाटी ठेवून खाली जाऊन बघून आले. "हौ, बरोबर आहे," म्हणाले. "हा रोझीचा. डॉबरमन. आज सकाळी सिकंदराबादला तिची जोडी होती."

पुढे रोझीला नऊ पिल्लं झाली आणि आमच्या घरातही सगळं सुखरूप आहे. त्यामुळे मुहूर्ताबद्दल माझी तक्रार नाही.

मी संगणकवाला असल्यानं मला वाटलं, या माणसाला थोडी आधुनिक मदत करावी. एका शनिवारी जिलबीच्या मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा घालून मी तक्ता केला, आलेख काढला, पुढची तारीख काढली आणि छापून खाली नेला. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलून कागद नीट पाहिला. "सुंदर आहे. जिलबीला दाखवला का?"

जिलबी माझ्या तारखेनंतर एकोणीस दिवसांनी माजावर आली.

यंदा मात्र तिच्या पाळीला वेगळंच महत्त्व आलं होतं. झालं असं, की सुमनकाकूंनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मिठाईवाला मिठाई खात नाही तसं, डॉक्टरांच्या घरात कधी कुत्रं नव्हतं. मूलबाळही नाही. काकू मितभाषी, दिवसभर समोरच्या दारातून दवाखान्यातली वर्दळ बघत बसायच्या. एक दिवस जिलबीच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता त्या अनघाला म्हणाल्या, "हिला पिल्लं झाली तर एक मादी मला देता का?" अनघानं तिथंच शब्द दिला. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते बराच वेळ हातातला स्टेथोस्कोप गुंडाळत राहिले. मग मला म्हणाले, "जिलबीचे पप्पा, या खेपेला एक दिवस चुकवायचा नाही."

म्हणून ते सुलतान बाजारातलं ओरडणं.

दुसऱ्या दिवसापासून आमची वारी सुरू झाली. जिलबीच्या कुशीवरचे केस काढून तिला टेबलावर आडवं करायचं. जेलची बाटली डॉक्टर आधी गरम पाण्याच्या तांब्यात ठेवत. तरीही लावण्याआधी तिच्या कानात सांगत, "थोडं थंड लागंल, माफ कर." यंत्राचा पडदा ते नेहमी मादीच्या तोंडाकडे वळवून ठेवत. आम्ही बाजूनं मान वाकडी करून बघायचं. "तिचं पोट आहे, तिनं आधी बघायचं," हा नियम.

मला पडद्यावर फक्त भुरभुरता पाऊस दिसायचा. डॉक्टरांना सगळं दिसायचं. "हे मूत्रपिंड. त्याच्या मागं बघा, बीजग्रंथी, चरबीत तोंड खुपसून बसलीय. लाजाळू असते ही. आता दिसली! ही बीजाची काळी द्राक्षं मोजा. परवा चार मिलिमीटर होती, आज सहा."

"रक्त तपासूनही कळतं म्हणे?" मी एकदा विचारलं.

"कळतं की. मी करतो तेही. पण रक्त चिठ्ठी पाठवतं. ही ग्रंथी तोंडावर बोलते."

बाराव्या दिवशी द्राक्षं तशीच होती. मी उगाच हळहळलो, डॉक्टर हसले. चौदाव्या दिवशी त्यांनी पडद्यावर नाक टेकवलं आणि मग दवाखान्याच्या दाराकडे तोंड करून आरोळी ठोकली, "सुमन! फुटली गं!"

समोरच्या घरातून आवाज आला, "किती?"

"डावीकडं चार! उजवी बघायलोय!"

मी लगेच गाडीची किल्ली काढली. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. "कशाला परेशान व्हायलात? कुत्रीचं बीज कच्चं सुटतं. पिकायला दोन दिवस लागतात. सबर करा." आणि पंचांगात लिहिलं, 'परवा सकाळी उत्तम.'

नवरदेव सिकंदराबादचा. एका निवृत्त रेल्वे गार्डसाहेबांचा राजा नावाचा लॅब्राडोर. डॉक्टर स्वतः आमच्याबरोबर आले, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलीच्या मामासारखे. गार्डसाहेब तेलुगू, पण डॉक्टरांशी त्यांचं हैदराबादी हिंदीत जमायचं. त्यांनी दारातच घड्याळ बघितलं, "राइट टाइम है, डॉक्टरसाब." राजा पंख्याखाली घोरत होता. त्याला उठवायला अर्धा तास लागला. डॉक्टर म्हणाले, "आमची बाजू वेळेवर आहे, उशीर तुमच्याकडून आहे, लिहून ठेवा." गार्डसाहेबांनी खरंच वहीत लिहिलं.

जोडी झाली. येताना गाडीत डॉक्टर बोटांवर दिवस मोजत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "आजपासून अठ्ठाविसाव्या दिवशी बघू. ठोके दिसतात तेव्हा. तोवर कुणी कुणाला काही बोलायचं नाही. सुमनला तर बिलकुल नाही."

नशीब बघा. विसाव्या दिवशी नांदेडहून फोन आला, डॉक्टरांचे थोरले भाऊ अत्यवस्थ. डॉक्टर गेले ते अडकलेच. भाऊ हळूहळू सावरत होते आणि इकडे अठ्ठाविसावा दिवस येऊन गेला. दुसरीकडे कुठे दाखवावं म्हटलं तर काकू म्हणाल्या, "ते आल्यावरच बघू द्या की. त्यांना वाईट वाटेल."

पण जिलबी काही थांबायला तयार नव्हती. तिचं पोट सुटलं. स्तन भरले. जेवणावरची वासना गेली, मग दुप्पट आली. सहाव्या आठवड्यात तिनं आमच्या पलंगाखाली जुन्या चादरी ओढून घर केलं आणि माझी डाव्या पायाची निळी स्लिपर आत नेली. आता बघायचं काय राहिलं होतं? सासूबाई एव्हाना साताऱ्याला परतल्या होत्या, त्यांनी फोनवरून डिंकाचे लाडू सुचवले. अनघा आणि इमारतीतल्या बायकांनी जिलबीचं डोहाळजेवण करायचं ठरवलं. अर्थात थट्टाच, पण हैदराबादी थट्टेत जेवण खरं असतं. पुरणपोळी झाली, बगारा बैंगन झालं, डबल का मीठा झाला. जिलबीला मोगऱ्याचा गजरा बांधला, तो तिनं खाल्ला.

काकू दारातच उभ्या होत्या. ओटी भरा म्हटलं तर मागं सरकल्या. "मला नको सांगू." अनघाला वाटलं, मूल नाही म्हणून मागे राहतायत. "आम्ही असलं काही मानत नाही, काकू," म्हणत तिनं त्यांना हाताला धरून आत आणलं. काकूंनी तांदूळ हातात घेतले, जिलबीसमोर ठेवले आणि तिच्या पोटावर तळहात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. "हलायलंय," म्हणाल्या. त्या दिवसानंतर त्या रोज सकाळी वर येऊ लागल्या. पिल्लाचं नाव त्यांनी ठरवलं होतं, पण सांगत नव्हत्या.

सातवा आठवडा सरत आला तेव्हा डॉक्टर परतले. पिशवी हातात तशीच, पण आधी यंत्र सुरू केलं. मी जिलबीला खाली नेलं. तिनं तोंडात स्लिपर धरली होती, सोडायला तयार नव्हती. डॉक्टरांनी ती तिच्या पुढच्या पायांत ठेवू दिली. जेल लावलं, माफी मागितली, पडदा तिच्याकडे वळवला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. या वेळी त्यांनी मला काहीच दाखवलं नाही.

"किती आहेत?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"रिकामं आहे. कुत्रीत होतं असं. बीज सुटलं की गर्भ राहो न राहो, शरीर पुढचे दोन महिने तेच गाणं गातं. एखादीला दूध येतं. वस्तू धरून बसते, पिल्लू समजून. मी दिवस काढून देतो, मूल नाही काढून देऊ शकत."

जिलबी स्लिपर चाटत होती. ती निळी स्लिपर, ते पुरण, तो डबल का मीठा सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू आवरेना. "म्हणजे डॉक्टर, गल्लीभर जेवणं घातली आणि पोटात नुसता वारा!"

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्यावर खरंच चिडले.

"हसू नका."

ते जिलबीच्या पोटावरचं जेल पुसत राहिले, पुसून संपलं तरी पुसत राहिले.

"हेच बोलले होते लोक," ते म्हणाले. "याच जागेवर, जुन्या घरी. पोटात वारा. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. सुमनचं पोट दिसायला लागलं. पाळी बंद, दूध आलं, हलतंय म्हणायची. मला हात लावायला लावायची. आईनं सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं, आख्खं गौलीगुडा जेवलं. आठव्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काही नव्हतं. तेव्हा हे यंत्र कुठं होतं आमच्याकडं? आईनं त्याच दुपारी पाळणा काढून नेला. आणि लोक म्हणायला लागले, कुत्र्यांच्या डॉक्टरला घरातलं कळलं नाही."

"तुमचा काय दोष, डॉक्टर..."

"ऐका. लोकांचं सोडा. मी रोज जनावरांत हे बघत होतो. सुमनमध्ये ओळखलं नाही, त्याची शरम वाटली. तिच्याजवळ बसावं, दोन शब्द बोलावं, तर सुचेना काही. माझी बदली तेव्हा करीमनगरला. बस स्टँड इथून पाच मिनिटांवर. तेच वाईट झालं बघा. लांब असतं तर जाता जाता परत फिरलो असतो. मी त्याच संध्याकाळची बस धरली, महिनाभर आलो नाही. आलो तेव्हा ती स्वयंपाक करत होती. पुढं आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. आजतागायत."

मला माझी लाज वाटली, हे स्पष्टच सांगतो. मी जिलबीच्या पायांतली स्लिपर उचलायला गेलो. डॉक्टरांनी हात आडवा घातला. "पुस्तकात लिहिलंय काढून घ्या. मी काढायला लावत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ती आपणहून सोडते. हिसकायचं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमनला तुम्ही सांगा. मला जमायचं नाही."

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "हे तुम्हीच सांगायचं."

आमचं बोलणं चालू असताना जिलबी टेबलावरून उतरली होती. स्लिपर तोंडात धरून ती समोरच्या उघड्या दारातून सरळ काकूंच्या घरात गेली आणि दिवाणाशेजारी फरशीवर स्लिपर ठेवून तिच्याभोवती अंग वळवून बसली. आम्ही मागोमाग पोचलो. काकूंनी जिलबीकडे पाहिलं, स्लिपरकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे.

"काही नाही ना?"

"नाही."

काकू हळूच जिलबीशेजारी खाली बसल्या. मी साखळी घ्यायला वाकलो तर जिलबी माझ्यावर गुरगुरली. काकूंनी स्लिपरवरून हात फिरवला, तेव्हा मात्र तिनं मान त्यांच्या मांडीवर टाकली.

डॉक्टर उंबऱ्यात उभे होते. पायांनी चपला चाचपडत म्हणाले, "चहापत्ती संपली असंल ना? मी जरा आणतो."

"आहे चहापत्ती," काकू म्हणाल्या. "इकडं या. बसा."

डॉक्टरांचे गुडघे कामातून गेलेले, खाली बसायला त्यांना खूप वेळ लागला. आधी दिवाणाला धरलं, मग भिंतीला, शेवटी काकूंच्या खांद्याला. बसल्यावर त्यांनी काकूंच्या खांद्यावरचा हात काढला नाही. मी दार ओढून घ्यायला लागलो तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला, दवाखान्यातल्यापेक्षा पुष्कळ लहान.

"सुमन, मला फार वर्षं लागली गं."

"लागली तर लागली," काकू म्हणाल्या. "आलात ना."